घटक ६ : ग्रामीण भागातील वेगवान इंटरनेट आणि शासकीय अनुदान

६.० उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर आपणांस
• विरळ वस्तीच्या भागात खाजगी इंटरनेट कंपन्या स्वतःहून का जात नाहीत, हे सांगता येईल.
• सार्वत्रिक सेवा निधीची निर्मिती व स्वरूप स्पष्ट करता येईल.
• भारतनेट प्रकल्पाची वाटचाल आणि त्यातील अडचणींची कारणे विशद करता येतील.
• शासकीय अहवालातील ‘जोडलेले’, ‘सेवासज्ज’ यांसारखे शब्द नेमके काय मोजतात, हे तपासता येईल.

६.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण रस्ते, वीज आणि पिण्याचे पाणी या सुविधा गावापर्यंत नेण्यासाठी शासनाने आखलेल्या योजनांचा परिचय करून घेतला. गेल्या दोन दशकांत या सुविधांच्या पंक्तीत इंटरनेट येऊन बसले आहे. सातबाराचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविमा, रेशन दुकानातील अंगठ्याची नोंद ही सारी कामे आता इंटरनेटवर अवलंबून आहेत. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद ‘ई-पीक पाहणी’ या मोबाइल ॲपवर स्वतः करावी, अशी व्यवस्था सुरू झाली. रोजगार हमीच्या कामावरील मजुरांची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून देशभर मोबाइल ॲपवर, दिवसातून दोन वेळा छायाचित्रासह घेणे बंधनकारक झाले. दूरशिक्षण घेणाऱ्या आपणां विद्यार्थ्यांचा प्रवेशअर्ज आणि निकालही याच मार्गाने जातो-येतो.

या बदलाची एक बाजू सहसा दुर्लक्षित राहते. सेवा ऑनलाइन झाली म्हणजे कार्यालयाचा खर्च कमी होतो. पण ज्या गावात रेंज नाही, तेथील माणसाचा खर्च वाढतो. त्याला तालुक्याच्या गावी जावे लागते, एक दिवसाची मजुरी बुडते आणि एस.टी.चे भाडे वेगळे पडते. म्हणजे खर्च नाहीसा होत नाही, तो केवळ शासनाच्या खात्यातून नागरिकाच्या खिशाकडे सरकतो. म्हणूनच दुर्गम भागात इंटरनेट नेण्यासाठी दिले जाणारे अनुदान हा निव्वळ तांत्रिक विषय नाही. हे अनुदान कोणाला, कशासाठी आणि कोणत्या मोजमापावर दिले जाते, यावर गावाला प्रत्यक्षात काय मिळणार हे ठरते. प्रस्तुत घटकात भारतनेट या प्रकल्पाच्या आधारे आपण याच मुद्द्याचा विचार करणार आहोत.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ बाजारपेठ गावाच्या वेशीवर का थांबते?

वेगवान इंटरनेटचा कणा म्हणजे ऑप्टिकल फायबर केबल. काचेच्या केसाएवढ्या बारीक तंतूंमधून प्रकाशाच्या रूपाने माहिती वाहून नेली जाते. तंतू स्वतः फारसा महाग नसतो. खर्च होतो तो चर खोदण्यावर, रस्ते व ओढे ओलांडण्यावर, परवानग्या मिळवण्यावर आणि मजुरीवर. हा खर्च अंतराप्रमाणे वाढतो. उत्पन्न मात्र ग्राहकांच्या संख्येप्रमाणे वाढते. ग्रामीण भागाचा सारा प्रश्न या दोन वाक्यांत सामावलेला आहे.

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या ठिकाणापासून एका गावापर्यंत १२ किलोमीटर केबल टाकायची आहे आणि दर किलोमीटरला ३ लाख रुपये लागतात, असे धरू. एकूण खर्च ३६ लाख रुपये. गावातील ६० घरांनी दरमहा ४०० रुपये देऊन जोडणी घेतली, तर वर्षाला २ लाख ८८ हजार रुपये जमा होतील. त्यातील निम्मी रक्कम वीज, दुरुस्ती आणि बँडविड्थ यांवर गेली, तर मूळ भांडवल वसूल होण्यास २५ वर्षे लागतील; व्याज तर आपण धरलेलेच नाही. याउलट शहरातील ३०० सदनिकांच्या वसाहतीत ३ लाख रुपयांत केबल पोहोचली आणि दर तोच राहिला, तर निम्मी रक्कम वजा जाताही पाच महिन्यांत पैसे परत येतात. कोणताही व्यावसायिक प्रथम कोठे जाईल, हे सांगण्याची गरज नाही. त्याला दोष देण्यातही अर्थ नाही. जेथे हिशेब जुळत नाही तेथे तो जुळवून देणे हे शासनाचे काम ठरते आणि अनुदानाची कल्पना येथूनच जन्म घेते.

येथे विद्यार्थी हमखास एक शंका विचारतात : आता सर्वांच्या हाती मोबाइल आहे, मग केबलचा अट्टाहास कशाला? मोबाइलचा टॉवर हवेतून संदेश घेतो हे खरे. परंतु टॉवरपासून पुढे तो संदेश बहुधा फायबरमधूनच जातो. फायबर नसेल तर टॉवर सूक्ष्मलहरींच्या दुव्यावर किंवा उपग्रहावर चालवावा लागतो आणि एकाच वेळी अनेकांनी वापर केला की वेग घसरतो. फोनवर रेंजच्या सर्व काड्या दिसतात, तरी अर्ज ‘सबमिट’ होत नाही, हा अनुभव अनेकांना असेल. त्याचे एक कारण टॉवरच्या मागे असलेली ही अरुंद वाट असते. अर्थात, अतिदुर्गम भागासाठी टॉवरलाही अनुदान द्यावे लागतेच. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने महाराष्ट्रासह पाच राज्यांतील ४४ आकांक्षित जिल्ह्यांमधील ७,२८७ गावांना फोर-जी सेवा देण्यासाठी, आणि जुलै २०२२ मध्ये देशभरातील २४,६८० सेवावंचित गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांच्या योजनेला मान्यता दिली.

६.२.२ अनुदानाचा पैसा कोठून येतो?

१९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने ‘सार्वत्रिक सेवा दायित्व’ ही संकल्पना भारतात रुजवली. दूरसंचार व्यवसायाचा परवाना घेणाऱ्याने फायद्याच्या भागाबरोबर तोट्याच्या भागाचाही काही भार उचलावा, असे तिचे सूत्र होते. त्यानुसार १ एप्रिल २००२ पासून सार्वत्रिक सेवा दायित्व निधी अस्तित्वात आला आणि १८८५ च्या भारतीय तार कायद्यात २००३ मध्ये दुरुस्ती करून त्याला वैधानिक आधार देण्यात आला. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित सकल उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम या निधीसाठी आकारली जाते. कंपन्या हा भार अखेर दरांतूनच वसूल करतात. तेव्हा आपण केलेल्या प्रत्येक रिचार्जमधील एक लहानसा वाटा या निधीकडे जातो, असे म्हणण्यास हरकत नाही. या निधीचा पैसा शहरी ग्राहकाइतकाच ग्रामीण ग्राहकाच्याही खिशातून आलेला आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे ‘अनुदान’ या शब्दाला चिकटलेला उपकाराचा वास जरा कमी होतो.

प्रारंभी कायद्यातील व्याख्या ‘मूलभूत’ सेवेपुरती मर्यादित होती. त्यामुळे निधीतून प्रामुख्याने गावातील सार्वजनिक दूरध्वनी व घरगुती लॅण्डलाइन यांना साहाय्य मिळे. २००६ मध्ये कायद्यात पुन्हा दुरुस्ती झाली आणि ‘मूलभूत’ हे विशेषण वगळण्यात आले. एक विशेषण गेल्याने मोबाइल आणि ब्रॉडबँड या दोन्ही सेवांना निधीचे दार उघडले. भाषेच्या विद्यार्थ्यांनी या घटनेची विशेष नोंद घ्यावी.

हा निधी वर्षअखेरीस रद्द होत नाही. मात्र आकारणीची रक्कम प्रथम भारताच्या संचित निधीत जमा होते आणि संसदेने विनियोजनास मान्यता दिल्यावरच ती या निधीत वर्ग होते. गोळा झालेली रक्कम व प्रत्यक्ष वितरित रक्कम यांत अनेक वर्षे मोठी तफावत राहिली, त्यामागे ही प्रक्रियाही एक कारण होती. पैसा नव्हता म्हणून गावे मागे राहिली, हे विधान म्हणूनच पूर्णतः बरोबर नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने या निधीचे नामकरण ‘डिजिटल भारत निधी’ असे केले आणि त्याच्या प्रशासनाचे नियम ऑगस्ट २०२४ मध्ये अधिसूचित झाले.

६.२.३ अनुदान देण्याच्या पद्धती

अनुदानाच्या तीन पद्धती प्रामुख्याने आढळतात. पहिलीत शासन संपूर्ण भांडवली खर्च उचलते आणि उभारलेली मालमत्ता शासनाच्या वा सार्वजनिक कंपनीच्या ताब्यात राहते. दुसरीत खाजगी कंपनी गुंतवणूक करते आणि तिचा हिशेब जेवढ्याने कमी पडतो तेवढी रक्कम शासन देते; याला व्यवहार्यता तूट निधी म्हणतात. येथे बहुधा उलटा लिलाव होतो, म्हणजे सर्वांत कमी अनुदान मागणाऱ्याला काम मिळते. तिसऱ्या पद्धतीत पैसा कामाच्या पूर्ततेवर किंवा चालू जोडण्यांच्या संख्येवर टप्प्याटप्प्याने दिला जातो.

उलट्या लिलावामुळे शासनाचा पैसा वाचतो, असे सकृद्दर्शनी वाटते. परंतु काम मिळवण्यासाठी अवास्तव कमी बोली लावणारा बोलीदार पुढे काम अर्धवट सोडतो आणि त्या काळात तो परिसर ‘काम मंजूर आहे’ या कारणाने इतर योजनांनाही मुकतो. भांडवली अनुदानाचा धोका वेगळ्या प्रकारचा आहे. केबल पुरली की देयक मिळते. मग ती केबल चालू राहते की नाही, यात कंत्राटदाराचा कोणताच स्वार्थ उरत नाही. तिसरी पद्धत या दृष्टीने अधिक शहाणपणाची दिसते; मात्र पैसा उशिरा मिळत असल्याने लहान स्थानिक केबलचालकाला ती झेपत नाही. सर्वगुणसंपन्न पद्धत कोणतीच नाही. कोणत्या पद्धतीत जोखीम कोणाच्या माथी जाते, एवढे ओळखता आले पाहिजे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) ‘खर्च अंतराप्रमाणे आणि उत्पन्न ग्राहकसंख्येप्रमाणे वाढते’ हे विधान आपल्या परिसरातील उदाहरणाने स्पष्ट करा.
(आ) २००६ च्या कायदेदुरुस्तीने सार्वत्रिक सेवा निधीच्या व्याप्तीत कोणता बदल झाला?

६.२.४ भारतनेट : वाटचाल

२५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क’ या प्रकल्पास मान्यता दिली. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडून प्रत्येकीस १०० एमबीपीएस क्षमता उपलब्ध करून द्यायची, अंदाजे खर्च २०,००० कोटी रुपये आणि मुदत दोन वर्षे, असे त्याचे मूळ स्वरूप होते. अंमलबजावणीसाठी २०१२ मध्ये भारत ब्रॉडबँड नेटवर्क लिमिटेड ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. योजनेमागील तर्क सोपा आणि काटकसरीचा होता. तालुक्यापर्यंत भारत संचार निगम, रेलटेल आणि पॉवरग्रिड या सार्वजनिक संस्थांची केबल आधीच पोहोचली होती. तिच्यातील न वापरलेले तंतू घ्यायचे आणि तालुका ते ग्रामपंचायत एवढाच तुटलेला दुवा नव्याने जोडायचा. ग्रामपंचायतीपासून पुढे घरोघरी जाण्याचे काम खाजगी कंपन्या व स्थानिक केबलचालक करतील, असे गृहीत धरले होते.

हे गृहीतक पुढे महागात पडले. त्याकडे आपण नंतर वळू. दोन वर्षांची मुदत तर लवकरच मागे पडली. २०१५ मध्ये प्रकल्पाला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. पहिल्या टप्प्यातील एक लाख ग्रामपंचायतींचे काम डिसेंबर २०१७ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये दुसरा टप्पा मंजूर झाला होता आणि दोन्ही टप्प्यांचा एकत्रित खर्च ४२,०६८ कोटी रुपये ठरला होता. दुसऱ्या टप्प्यात काही राज्यांनी काम स्वतःकडे घेतले. महाराष्ट्रात ‘महानेट’ या नावाने ते महाआयटी या शासकीय कंपनीमार्फत सुरू झाले. फायबर नेणे शक्य नसलेल्या काही हजार ग्रामपंचायतींसाठी उपग्रहाचा मार्ग निवडण्यात आला.

१५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी येत्या एक हजार दिवसांत देशातील सहा लाखांहून अधिक गावे ऑप्टिकल फायबरने जोडण्याची घोषणा केली. हे हजार दिवस मे २०२३ मध्ये संपले. मधल्या काळात, ३० जून २०२१ रोजी, १६ राज्यांत खाजगी भागीदारीने काम करण्यासाठी १९,०४१ कोटी रुपयांचा व्यवहार्यता तूट निधी मंजूर झाला; परंतु निविदांना अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही आणि तो मार्ग सोडून द्यावा लागला. जुलै २०२२ मध्ये भारत ब्रॉडबँड ही कंपनी भारत संचार निगममध्ये विलीन करण्याचा निर्णय झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांच्या ‘सुधारित भारतनेट’ कार्यक्रमास मान्यता मिळाली. वीस हजार कोटींपासून सुरू झालेला हिशेब बारा वर्षांत कोठवर गेला, हे येथे दिसते. अर्थात दोन्ही आकड्यांमागील काम सारखे नाही. सुधारित कार्यक्रमात मागणीनुसार ग्रामपंचायतीपलीकडील गावे, पाच वर्षांत दीड कोटी घरगुती जोडण्या आणि दीर्घकालीन देखभाल यांचाही समावेश आहे. नुसते आकडे शेजारी मांडून ‘खर्च सातपट झाला’ असे लिहिणे हे वर्तमानपत्री मथळ्याला शोभते, अभ्यासाला नाही.

६.२.५ ‘सेवासज्ज’ या शब्दाचा अर्थ

प्रकल्पाच्या प्रगतीचे आकडे पाहताना एक शब्द वारंवार भेटतो : ‘सेवासज्ज ग्रामपंचायत’. दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायती सेवासज्ज झाल्याचे शासनाने संसदेत सांगितलेले आहे. या आकड्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. तो काय मोजतो, एवढेच पाहायचे आहे. सेवासज्ज म्हणजे ग्रामपंचायतीच्या ठिकाणी केबल पोहोचली, तेथे उपकरण बसले आणि सेवा देता येईल अशी स्थिती निर्माण झाली. ती सेवा आज चालू आहे काय, कोणी ती वापरते काय, गावातील किती घरांत ती गेली, या प्रश्नांची उत्तरे त्या शब्दात नाहीत. नळाला तोटी बसवली म्हणजे पाणी आले असे आपण म्हणत नाही. इंटरनेटच्या बाबतीत मात्र आपण ही चूक सहज करतो. कारण कोरडी तोटी डोळ्यांना दिसते, बंद फायबर दिसत नाही.

मोजमापाचे एकक ग्रामपंचायत हे ठरल्याने आणखी एक परिणाम झाला. महाराष्ट्रात ग्रामपंचायती सुमारे २८ हजार आणि महसुली गावे ४० हजारांहून अधिक आहेत. डोंगराळ व आदिवासी भागांत अनेक गावांची मिळून एक गटग्रामपंचायत असते. धडगाव, अक्कलकुवा, मेळघाट किंवा भामरागड येथे एका ग्रामपंचायतीखाली दूरदूर विखुरलेले पाडे व टोले असतात. मुख्य गावातील कार्यालयात केबल पोहोचली, की कागदोपत्री सारी ग्रामपंचायत जोडली जाते. डोंगरापलीकडच्या पाड्याला तिचा कोणताच उपयोग नसतो. पण अहवालात तो पाडा वेगळा दिसतही नाही. ज्याची नोंद नाही त्याला निधी नाही. म्हणजे ‘अल्पसेवित’ भागातील सर्वांत वंचित माणूस मोजणीच्या एककामुळेच नजरेआड होतो.

आता मघाच्या गृहीतकाकडे वळू. ग्रामपंचायतीपासून पुढचे काम बाजारपेठ करील, असे योजनाकारांनी मानले होते. पण तालुका ते ग्रामपंचायत हा दुवा जोडून शासनाने जो हिशेब सुधारला, तो पाड्यापर्यंत पोहोचण्यास पुरेसा नव्हता. विरळ वस्तीत शेवटच्या दोन-तीन किलोमीटरचा खर्चही भारी पडतो, हे आपण ६.२.१ मध्ये पाहिलेच आहे. सुधारित कार्यक्रमात स्थानिक उद्योजकाला उत्पन्नात वाटा देऊन घरगुती जोडण्या वाढवण्याचा मार्ग स्वीकारला गेला, तो याच अनुभवातून.

‘वेगवान’ या विशेषणाचीही अशीच तपासणी करावी लागते. भारतात २००४ च्या धोरणानुसार २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हटले जाई. २०१३ मध्ये ही मर्यादा ५१२ केबीपीएस आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस झाली. एकाच कुटुंबातील दोन मुले एकाच वेळी चित्रफितीद्वारे शिकत असतील, तर २ एमबीपीएस ही मर्यादा कितपत पुरेशी आहे, हे आपण स्वानुभवाने ठरवू शकाल.

६.२.६ उभारणीनंतरचा प्रश्न : देखभाल

भारतनेटच्या अनुभवातील सर्वांत बोधप्रद भाग देखभालीचा आहे आणि दुर्दैवाने त्यावर सर्वांत कमी लिहिले जाते. रस्त्याच्या रुंदीकरणासाठी जेसीबी आला, की रस्त्याकडेला पुरलेली केबल तुटते. रस्ता एका विभागाचा, पाण्याची वाहिनी दुसऱ्याची, केबल तिसऱ्याची. तुटल्याची खबर देणे कोणाचे काम आणि दुरुस्तीचा खर्च कोणाचा, याचे उत्तर कंत्राटात स्पष्ट नसेल तर केबल महिनोन्महिने तशीच पडून राहते. पहिल्या टप्प्यातील रचना बहुतांशी सरळ रेषेतील होती. म्हणजे तालुक्यापासून निघालेली केबल एकामागून एक ग्रामपंचायती जोडत जाई. अशा रचनेत वाटेत एके ठिकाणी तुटले की पुढील सर्व गावे बंद पडतात. सुधारित कार्यक्रमात वलयाकार रचना आणण्याचे ठरले. वलयात एका बाजूने मार्ग तुटला तरी दुसऱ्या बाजूने संपर्क चालू राहतो. तिच्यासाठी अधिक केबल लागते, म्हणून ती महाग. पण बंद पडलेल्या स्वस्त केबलपेक्षा ती परवडते.

ग्रामपंचायत कार्यालयातील उपकरणाला अखंड वीज लागते. भारनियमन, जळालेला इन्व्हर्टर, थकलेले वीजबिल यांपैकी एखादे कारणही सेवा बंद पडण्यास पुरते. कार्यालयाला सायंकाळी कुलूप लागले की उपकरणही कुलपात जाते आणि तंत्रज्ञ सकाळपर्यंत आत जाऊ शकत नाही. या गोष्टी क्षुल्लक वाटतात. परंतु भांडवली अनुदानाच्या कागदपत्रांत केबलच्या किलोमीटरला जागा असते. उपकरणाच्या खोलीची किल्ली कोणाकडे असेल, याला नसते. सुधारित कार्यक्रमात उभारणीसाठी तीन वर्षे आणि देखभालीसाठी पुढील दहा वर्षे अशी एकाच कंत्राटाची रचना केली आहे. ज्याने केबल टाकली त्यालाच ती दशकभर चालू ठेवावी लागेल, हा यातील महत्त्वाचा बदल होय.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(अ) सरळ रेषेतील आणि वलयाकार रचना यांतील फरक आकृतीच्या साहाय्याने दाखवा.
(आ) गटग्रामपंचायतीच्या बाबतीत ‘जोडलेली ग्रामपंचायत’ हा आकडा अपुरा का ठरतो?

६.२.७ अमेरिकेतील एक समांतर अनुभव

मोजणीचा हा पेच केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत अनेक वर्षे कंपन्यांनी दिलेल्या माहितीवरून सेवेचे नकाशे तयार होत. जनगणनेच्या एका गटात एका जरी ठिकाणी सेवा उपलब्ध असली, तरी तो सबंध गट सेवायुक्त मानला जाई. ग्रामीण भागात असे गट विस्तीर्ण असतात. त्यामुळे रस्त्याकाठच्या एका घराच्या जोरावर आतली शेतमळ्यांवरची घरे नकाशावर ‘जोडलेली’ ठरत आणि अनुदानास अपात्र होत. २०२० च्या कायद्याने ही पद्धत बदलण्याचे ठरले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रत्येक घराची स्वतंत्र नोंद दाखवणारा नवा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यातील नोंद चुकीची असल्यास नागरिकास हरकत घेता येते. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने ब्रॉडबँडसाठी ठेवलेल्या ४२.४५ अब्ज डॉलरच्या अनुदानाची राज्यनिहाय वाटणी याच नकाशाच्या आधारे झाली. तेथे २५ एमबीपीएसपेक्षा कमी वेग मिळणारे घर ‘सेवावंचित’ आणि १०० एमबीपीएसपेक्षा कमी वेगाचे घर ‘अल्पसेवित’ मानले गेले. माहिती वर पाठवण्याच्या वेगासाठीही वेगळ्या मर्यादा आहेत. दोन देशांच्या संपत्तीची तुलना येथे अभिप्रेत नाही. हरकत घेण्याचा अधिकार ही मात्र कमी खर्चात स्वीकारता येण्याजोगी गोष्ट आहे.

६.२.८ सोय की हक्क?

२०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीच्या याचिकेवर निर्णय देताना इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या व खाजगीपणाच्या अधिकाराचा भाग असल्याचे म्हटले. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात इंटरनेटद्वारे होणारी अभिव्यक्ती आणि व्यवसाय यांना संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाचे संरक्षण असल्याचे सांगितले. या निर्णयांचा अर्थ लावताना सावध राहावे. वसतिगृहातील निर्बंध आणि शासनाने बंद केलेली सेवा, असे त्यांचे विषय होते. असलेले इंटरनेट काढून घेऊ नये, इतपत ते निःसंशय जातात. नसलेले इंटरनेट शासनाने पाड्यापर्यंत आणून दिलेच पाहिजे, असा आदेश त्यांतून निघत नाही.

तथापि युक्तिवादाचा एक वेगळा धागा उरतोच. शासनाने एखादी सेवा ऑनलाइन मिळण्याची सोय केली, तर नागरिकापुढे पर्याय राहतो. तीच सेवा केवळ ऑनलाइनच मिळेल असे ठरवले, तर इंटरनेट ही त्या सेवेची पूर्वअट बनते. मजुराची हजेरी ॲपवरच लागणार असेल आणि कामाच्या जागी नेटवर्क नसल्याने तिची नोंद झाली नाही, तर त्याची मजुरी अडते. प्रस्तुत लेखकाच्या मते, अशा वेळी जोडणी पोहोचेपर्यंत कागदी मार्ग खुला ठेवणे हे शासनाचे कर्तव्यच ठरते; आणि ‘सेवासज्ज’ या शब्दावर विसंबून तो मार्ग बंद करणे अन्यायकारक होय. याविषयी मतभेद संभवतात. आपले मत स्वाध्यायात सकारण मांडावे.

६.३ स्वाध्याय

(१) सार्वत्रिक सेवा दायित्व निधीपासून डिजिटल भारत निधीपर्यंतचा प्रवास थोडक्यात लिहा.
(२) ‘अनुदान कशाच्या मोजमापावर दिले जाते, यावर गावाला काय मिळते हे ठरते.’ भारतनेटच्या संदर्भात या विधानाची चर्चा करा.
(३) भांडवली अनुदान आणि व्यवहार्यता तूट निधी यांतील जोखमीची विभागणी स्पष्ट करा.
(४) ‘सेवा ऑनलाइन उपलब्ध असणे’ आणि ‘सेवा केवळ ऑनलाइन उपलब्ध असणे’ यांतील फरकाविषयी आपले मत मांडा.

६.४ क्षेत्रीय उपक्रम

आपल्या किंवा नजीकच्या ग्रामपंचायत कार्यालयास भेट द्या. तेथे भारतनेट वा महानेटचे उपकरण बसवलेले आहे काय, ते चालू आहे काय, त्याला वीज कोठून मिळते आणि खोलीची किल्ली कोणाकडे असते, याची ग्रामसेवक अथवा आपले सरकार सेवा केंद्राच्या चालकाकडे विनम्रपणे चौकशी करा. ग्रामपंचायतीच्या हद्दीतील वाड्या, वस्त्या वा पाडे यांची यादी करून प्रत्येक ठिकाणी किती घरांत इंटरनेट आहे आणि ते केबलचे की मोबाइलचे, याची नोंद घ्या. मिळालेली माहिती दोन पृष्ठांच्या अहवालात लिहा. त्यात ‘जोडलेले’ हा शब्द वापरावयाचा झाल्यास, आपण तो कोणत्या अर्थाने वापरत आहात हे पहिल्याच परिच्छेदात नमूद करा. अहवालाची एक प्रत सरपंचांस द्यावी. ग्रामसभेत तो वाचण्याची अनुमती मिळाल्यास वाचावा आणि त्यावर झालेली चर्चा अहवालाच्या शेवटी जोडावी.